मेल्चोरच्या बगलेतला रामोन

"कुई सांभाळायचा? आणि हे तू मला सांगतेस?" मेल्चोरनं छाती ठोकली. "अगं, माझा जन्मच कुयांच्यात झालाय! सुईण पोचायच्या आधी तीन कुई येऊन मला बघून गेले होते!"

यात खोटं फारसं नव्हतं. आमच्या डोंगरात कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरा, चुलीच्या कट्ट्याखाली पंधरा-वीस कुई धावताना दिसणारच. शहरातले लोक त्यांना गिनीपिग म्हणतात आणि पिंजऱ्यात ठेवतात. आम्ही त्यांना कुई म्हणतो आणि ताटात ठेवतो. फरक तेवढाच.

पण मेल्चोरच्या मुलीनं, नायदानं, कुस्कोहून आणलेला हा कुई निराळाच होता. त्याला चक्क नाव होतं. रामोन! काळाकुट्ट. अंगावर पांढरा केस औषधालासुद्धा नाही. केस असे चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा! सोबत पिंजरा, लोकरीचं पांघरूण, थेंबांची बाटली आणि दोन पानी यादी. नायदा कुस्कोत एका दाताच्या डॉक्टरकडे कामाला. तिला दहा दिवस लिमाला शिकायला पाठवत होते, म्हणून रामोन आजोळी आला होता.

मेल्चोरची बायको हुस्तिना हात पुसत बाहेर आली. तिनं रामोनला उचललं, तळहातावर तोललं, अंगठ्यानं मांडी दाबून बघितली.

"बरा भरलाय की! सणापर्यंत आणखी..."

"आईऽऽऽ!"

नायदा अशी किंचाळली की चुलीखालचे बावीस कुई एकदम गप्प झाले.

मग यादीचं वाचन झालं.

"चौथा नियम. रोज एक लाल ढोबळी मिरची."

"रोज? मला वर्षातून दोनदा मिळते!"

"सातवा. त्याला एकटं वाटू द्यायचं नाही. त्याच्याशी बोलत राहायचं."

"काय बोलू?"

"काहीही. तुम्हाला बोलायला विषय कधीपासून लागायला लागला, बाबा? अकरावा. चुलीजवळ न्यायचं नाही. घाबरतो तो."

"घाबरणारच! खानदानी अनुभव आहे!"

मेल्चोर स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसला. नायदा हसली नाही. तिचे डोळे भरून आले.

"बाबा, सगळ्याचीच थट्टा नको. रात्री खोलीवर जाते तेव्हा माझ्यासाठी शीळ घालणारं त्या शहरात हे एवढंच आहे. याला काही झालं ना, तर मी या घराची पायरी चढणार नाही."

मेल्चोरचं हसू विरघळलं. "काही होणार नाही गं. माझा शब्द!"

आता मेल्चोरचा शब्द म्हणजे काय चीज आहे, ते गावातल्या मेंढ्यांनासुद्धा ठाऊक होतं. वय बावन्न, पण खोड्या बारा वर्षांच्या! मागच्या वर्षी पाटाच्या साफसफाईच्या दिवशी टीव्हीवाले येणार म्हणून त्यानं तिबुर्सियोच्या कानात सांगितलं. तिबुर्सियो म्हणजे पाणी समितीचा अध्यक्ष आणि नायदाचा धर्मपिता, म्हणजे मेल्चोरचा कोंपाद्रे. तो बिचारा लग्नातला कोट घालून गुडघाभर चिखलात उभा राहिला. टीव्हीवाले आले नाहीत, पण कोटाला शेवाळ आलं! सेफेरिना मावशी म्हणजे आमच्या सात गावांतली जाणती, कोकाच्या पानांत बघून भविष्य सांगणारी. तिच्या पानांच्या पिशवीत मेल्चोरनं तिखट मिसळलं. पानं तोंडात टाकल्याबरोबर मावशीच्या डोळ्यांतून धारा! समोर बसलेल्या माणसाला वाटलं, आपलं भविष्य बघूनच रडतेय. त्यानं घरी जाऊन बायकोला सगळी लफडी सांगून टाकली.

तर असा हा मेल्चोर. पण नायदाची बस वळणाआड गेली आणि गडी कामाला लागला. पहिल्या दिवशी त्यानं रामोनचा पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब, स्वतःच्या खाटेशेजारी आणला. दुसऱ्या दिवशी मिरचीसाठी दोन तास चालून बाजाराला गेला. तिसऱ्या दिवशी हुस्तिनानं दाराआडून ऐकलं तर आतून आवाज, "आणि म्हणून सांगतो रामोन, त्या तिबुर्सियोला खेचर विकत घेण्यातलं काही कळत नाही." यावर रामोन म्हणाला, "कुईईई!" आणि मेल्चोर म्हणाला, "तेच तर म्हणतोय मी!"

पाचव्या दिवशी रामोन पिंजऱ्यात झोपेना. त्याला मेल्चोरच्या बगलेतच झोप लागायला लागली. ऊब लागली की डोळे मिटायचे आणि अंग सैल सोडायचं. ओल्या मोज्यासारखं! हे मेल्चोरनं कुणाला सांगितलं नाही. बावन्न वर्षांच्या पुरुषानं असल्या गोष्टी सांगायच्या नसतात.

आणि सातव्या दिवशी आली पाटाची साफसफाई.

वर्षातून एकदा घरटी एक माणूस फावडं घेऊन डोंगरावर जातो. वर्षभराचा गाळ काढायचा, मग पाणी सोडायचं, मग जेवण, मक्याची आंबवलेली चिचा आणि नाच. गैरहजर राहिलं तर वर्षभर पाण्याची पाळी सगळ्यांत शेवटी. फक्त एक सूट. माणूस खरोखर आजारी असला पाहिजे, आणि तसं सेफेरिना मावशीनं सांगितलं पाहिजे.

मेल्चोरच्या वाट्याला या वर्षी काळ्या कड्याखालचा तुकडा आला होता. तिथं ऊन फक्त पोस्टकार्डावर पोचतं! आणि त्याच दिवशी रेडिओवर मॅच!

"रामोन," मेल्चोर पहाटे कुजबुजला, "आज आपण आजारी आहोत."

त्यानं मक्याचं पीठ आणून तोंडाला चोपडलं, केस ओले केले आणि पोट धरून अशी काही किंकाळी फोडली की स्वतःच दचकला. हुस्तिना पहाटेपासून पाटावरच्या जेवणासाठी सहा कुई भाजत होती. ती हातात चिमटा घेऊन धावत आली.

"काय झालं हो?"

"पोट... हुस्तिना... सगळं काळं दिसतंय..."

त्याचा अंदाज असा की ती म्हणणार, "पडा मग!" आणि निघून जाणार. पण हुस्तिनाच्या हातातला चिमटा गळून पडला. तिचा बाप असाच पहाटे पोट धरून गेला होता. मेल्चोरच्या ते ध्यानातच नव्हतं. अर्ध्या तासात खाटेशेजारी सेफेरिना मावशी, दारात तिबुर्सियो आणि अंगणात फावडी घेतलेली चार माणसं!

"आजारी? हा?" तिबुर्सियो म्हणाला. "साफसफाईच्याच दिवशी?"

"गप रे," मावशी म्हणाली. तिनं मेल्चोरची नाडी बघितली. पापणी वर केली. मग गालावरून बोट फिरवलं आणि ते बोट जिभेवर ठेवलं. डोळे मिटून चाखत राहिली. मेल्चोरला वाटलं, पद्धत असेल काहीतरी.

"कठीण आहे," मावशी म्हणाली. "तिबुर्सियो, जरा बाहेर ये. तुझी मनाची तयारी करायला हवी."

दोघं बाहेर गेली. परत आली तेव्हा तिबुर्सियोचे डोळे लाल होते आणि त्यानं टोपी काढून छातीशी धरली होती. मेल्चोरला आत गुदगुल्या झाल्या. वा रे नट! बड्या बड्यांना रडवलं!

"कुई फिरवून बघावा लागेल," मावशीनं जाहीर केलं. "काळा पाहिजे. नर. एकही पांढरा केस चालणार नाही."

मेल्चोरच्या पोटात गोळा आला. खराखुरा! आमच्याकडे हा उपाय शेंबड्या पोराला माहीत असतो. जिवंत कुई डोक्यापासून तळव्यांपर्यंत अंगावरून फिरवायचा. दुखणं त्याच्यात उतरतं. मग त्याला चिरून बघायचं. जिथं डाग, तिथं दुखणं.

"आपल्याकडे सगळे तांबडे नाहीतर पांढरे..." हुस्तिना रडत म्हणाली. आणि मग तिची नजर खाटेशेजारी गेली. मावशीची नजर गेली. तिबुर्सियोची गेली. अंगणातल्या चौघांनी माना खिडकीतून आत घातल्या.

रामोन मिरची खात होता.

"तो नाही!" मेल्चोर ओरडला. "तो नायदाचा आहे! पाळलेला आहे! त्याला नाव आहे!"

"मग तर फारच चांगलं," मावशी म्हणाली. "अनोळखी कुई अंदाजे सांगतो. ओळखीचा नेमकं सांगेल."

"हुस्तिना! पोरगी काय म्हणाली आठवतंय ना? पायरी चढणार नाही म्हणाली!"

"पोरीला बाप राहिला तर पायरीचं बघू!" हुस्तिनानं रामोनला उचलून मावशीच्या हातात दिला.

मेल्चोर ताडकन उठून बसला. "मला बरं वाटतंय! एकदम! चला, फावडं कुठाय?"

मावशीनं खिन्नपणे मान हलवली. "असंच होतं बघ. दिवा विझायच्या आधी मोठा होतो. माझा भाऊ तर नाचला होता शेवटी."

"झोपवा त्यांना!" हुस्तिना रडायला लागली. चौघांनी आत येऊन मेल्चोरला धरून आडवा केला.

आता एकच वाट उरली होती. मेल्चोरनं बावन्न वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. खरं बोलला!

"अहो, नाटक आहे हे! मला काही झालेलं नाही! साफसफाई चुकवायची होती! तोंडाला पीठ लावलंय मी!"

मग तिबुर्सियोनं हुंदका दिला.

"बघा. मरताना पण आपल्याला हसवतोय."

"अरे गाढवा, खरं सांगतोय!"

"शिव्यासुद्धा तशाच! शेवटपर्यंत!" तिबुर्सियो गुडघ्यावर बसला. "कोंपाद्रे, तू चाललास, आता लपवून काय करू? तीन वर्षं तुझ्या पाळीतलं अर्धं पाणी मीच माझ्या शेतात वळवत होतो रे!"

"काऽऽय?"

मेल्चोरला घाम फुटला. तीन वर्षं त्याचे बटाटे गोट्यांएवढे येत होते, आणि तो मातीला शिव्या देत होता! तो काही बोलणार तेवढ्यात हुस्तिना पलीकडून त्याच्या छातीवर कोसळली.

"मला पण सांगायचंय हो! तुमचा चारंगो..."

चारंगो म्हणजे मेल्चोरचं लाडकं तंतुवाद्य. बापानं दिलेलं. दोन वर्षांपूर्वी ते गेलं, तेव्हा तो आठवडाभर जेवला नव्हता.

"तो उंदरांनी नाही खाल्ला. मी चुलीत घातला! तेच एक गाणं, रोज, एकोणीस वर्षं! मी तरी काय करणार होते?"

हे मरणं फार महाग पडत चाललं होतं!

आणि तेवढ्यात मावशीनं रामोनला त्याच्या कपाळावर ठेवला. रामोननं हुंगलं, तर मक्याचं पीठ! गडी खूश होऊन मेल्चोरचं तोंड चाटायला लागला. कपाळ, नाक, गाल. जिथं जीभ फिरली तिथून मेल्चोरचा तांबूस, धडधाकट चेहरा बाहेर यायला लागला.

"बघा बघा!" मावशी ओरडली. "दुखणं चाटून घेतोय!"

"पीठ चाटतोय तो! पीऽऽठ!"

मावशी ऐकेना. गळा झाला, खांदा झाला, आणि रामोन बगलेत पोचला. मेल्चोर मनातल्या मनात विनवायला लागला. रामोन, आता नको. रामोन, जागा राहा. मिरचीची शपथ आहे तुला!

ऊब लागली. रामोनचे डोळे मिटले. अंग सैल पडलं. ओल्या मोज्यासारखं.

"उतरलं!" मावशीनं हात वर केले. "सगळं उतरलं! हुस्तिना, सुरी आण!"

सुरी आली. सकाळपासून सहा कुयांवर चाललेली, धार लावलेली सुरी. मेल्चोरनं ती बघितली, बगलेतला तो इवलासा काळा गोळा बघितला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नाटकातलं नाही, खरं. आणि मग त्यानं एक लाथ मारली! एक माणूस कणगीत, एक पिंजऱ्यात! मेल्चोर रामोनला छातीशी धरून खिडकीतून बाहेर!

डोंगरावर शंभर माणसं पाटाकाठी ओळीनं उभी होती. त्यांनी काय बघावं? मरायला टेकलेला मेल्चोर, लांब लोकरी चड्डीवर, अनवाणी, अर्धं तोंड पांढरं अर्धं तांबडं, छातीशी काळा कुई धरून चढ चढत पळत येतोय! मागून सेफेरिना मावशी, तिच्यामागं सुरी घेतलेली बायको, तिच्यामागं टोपी हातात धरलेला अध्यक्ष! दोन म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूस काढला. एकानं फावडं टाकून पळ काढला.

मेल्चोर थेट काळ्या कड्याखाली गेला. रामोनला कुणाच्या तरी टोपीत ठेवलं आणि धपकन बर्फासारख्या चिखलात उडी मारली.

"बघा! बरा आहे मी! मेलेला माणूस फावडं मारतो का?"

तिबुर्सियो धापा टाकत पोचला. काठावर उभा राहून त्यानं बराच वेळ बघितलं.

"दोन फावड्यांनी काय कळतं?" तो म्हणाला. "मावशी, किती गाळ काढला म्हणजे माणूस बरा म्हणायचा?"

मावशी दगडावर बसली. सुरी तिनं हुस्तिनाकडून घेऊन मांडीवर ठेवली. "पूर्ण तुकडा," ती म्हणाली. "आणि शेजारचा. खात्री करून घेतलेली बरी."

मेल्चोरनं सकाळी नऊला सुरुवात केली ती दुपारी चारला थांबला! चाळीस पावलांचा पाट त्यानं एकट्यानं उपसला. पाय निळे पडले, हाताला फोड आले. जरा थांबून कंबर सरळ केली की मावशी सुरीच्या पात्यावरून अंगठा फिरवायची, आणि फावडं आपोआप चालायला लागायचं. टोपीतल्या रामोनची मात्र चंगळ! बायका त्याला कोवळा लसूणघास निवडून भरवत होत्या आणि "मेल्चोरचा जीव यात उतरलाय हं" म्हणून एकमेकींना दाखवत होत्या.

मग पाणी सोडलं. चिचाची मडकी फुटली, जेवणाची पंगत बसली. मेल्चोरपुढं ताट आलं. उकडलेले बटाटे, आणि वर हुस्तिनानं भाजलेला कुई, चारी पाय पसरून, दात विचकून. मेल्चोरनं आपल्या हातानं रामोनचे डोळे झाकले. आणि आयुष्यात पहिल्यांदा नुसते बटाटे खाल्ले.

तेव्हा कुठं मावशी त्याच्याशेजारी येऊन बसली.

"मेल्चोर, मक्याचं पीठ घरचं का रे? गोड होतं."

मेल्चोरच्या घशात बटाटा अडकला. "म्हणजे... तुला सकाळीच..."

"चाळीस वर्षं माणसं बघतेय मी. आजारी माणूस आणि भाकरी यातला फरक मला कळत नाही होय?" ती तोंडाला शालीचं टोक लावून हसायला लागली. "माझ्या पानांत तिखट घातलंस तेव्हा मी तीन दिवस रडत होते! सुरी मी चालवणार होते का? पोरीचं जनावर आहे ते!"

"आणि पाणी?" मेल्चोर तिबुर्सियोकडे वळला. "तीन वर्षं?"

"एक थेंब नाही! मावशीनं बाहेर नेऊन सांगितलं तसं बोललो." तिबुर्सियो पोट धरून लोळायला लागला. "तुझे बटाटे मुळातच लहान आहेत, कोंपाद्रे! आणि माझ्या कोटाला शेवाळ कसं शोभत होतं, आठवतंय?"

शंभर माणसं हसली. मेल्चोरला आधी धक्का बसला, मग राग आला, मग त्याला पण हसू फुटलं. आयुष्यभर लोकांना फसवलेल्या माणसाला कुणी फसवलं तर बरंसुद्धा वाटतं, ठसकेबाज झालं तर!

संध्याकाळी घरी आल्यावर नायदाचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, रामोन कसा आहे? आणि त्याच्या मिशीला चिखल कसला?"

"हवापालट! डोंगरावर नेलं होतं. तो नुसता बसून होता गं, काम मी केलं."

"आणि तुम्ही लंगडताय का?"

"नियम सात. त्याला एकटं वाटू द्यायचं नव्हतं."

नायदा हसली. रामोननं पडद्याकडे बघून लांब शीळ घातली. मेल्चोरचा ऊर भरून आला. फोन ठेवून तो स्वयंपाकघरात गेला, गरम पाण्यात पाय सोडून बसला, रामोनला बगलेत घेतलं आणि प्रसन्न आवाजात म्हणाला, "हुस्तिना, मानलं हं तुला! काय रडलीस! मावशी आणि तिबुर्सियो ठीक आहेत, पण तू तर कमालच केलीस. चारंगो चुलीत घातला म्हणे! एकोणीस वर्षं म्हणे! मी खरंच धरून चाललो होतो!"

हुस्तिना रस्सा ढवळत होती. ढवळता ढवळता तिचा हात थांबला.

"मला कुठं कुणी सांगितलं होतं," ती म्हणाली, "नाटक आहे म्हणून?"

चुलीखालचे उरलेले सोळा कुई एकदम गप्प झाले.